फोनचा कान

दुपार आहे. हैदराबादच्या या हॉटेलात पडदे इतके जाड आहेत की बाहेर ऊन पडलंय की ग्रहण लागलंय, पत्ता लागत नाही. मी आडवी झालेय, उजवा हात पाठीखाली दाबून. सध्या त्याला मोकळा सोडायची माझी हिंमत नाही.

झोप लागायच्या आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. मी भाग्यश्री तोडकरी. मूळची बार्शीची, पोटापाण्यासाठी विमान उडवते. बरीच वर्षं उजव्या सीटवर काढली, आता डाव्या सीटची, म्हणजे कॅप्टनच्या जागेची परीक्षा चालू आहे. ती खऱ्या विमानात नसते. सिम्युलेटर म्हणून एक खोलीएवढं यंत्र असतं, लोखंडी पायांवर उभं. ते हलतं, हादरतं आणि समोरच्या काचेत खोटी धावपट्टी दिसते. धावपट्टी खोटी असली तरी घाम खराच येतो.

विमान पळायला लागलं की कॅप्टनचा उजवा हात मधल्या दांड्यांवर असतो. ते इंजिनांचे दांडे. काही बिघडलं तर मागे ओढायचे, ब्रेक लावायचे, उड्डाण तिथंच रद्द करायचं. पण ही मुभा एका ठरावीक वेगापर्यंतच असते. तो वेग आला की शेजारचा मोठ्यानं म्हणतो, "व्ही-वन!" आणि कॅप्टननं हात दांड्यांवरून उचलायचा. उचलायचाच. त्यापुढे थांबायला गेलं तर उरलेली धावपट्टी पुरत नाही, विमान टोकावरून बाहेर जातं. मग इंजिन बंद पडो नाहीतर टायर फुटो, वर जायचं आणि काय असेल ते वर निस्तरायचं.

माझा हात उचलत नाही. एवढंच झालंय, पण एवढंच पुरेसं आहे.

परीक्षा घेणारे पिंटो सर वसईचे आहेत, फटकळ पण मनानं बरे. पहिल्या वेळी त्यांनी व्ही-वनच्या पुढे मुद्दाम एक इंजिन बंद पाडलं. माझा हात अजून दांड्यांवरच होता आणि त्या मूर्खानं दांडे सरळ मागे ओढले. टोकाचे लाल दिवे नाकाखालून गेले, काच लाल झाली, यंत्र गप्प झालं. पिंटो सर म्हणाले, "अभिनंदन. लोकांना शेतात नेऊन सोडलंस." दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. आज संध्याकाळी तिसरी आणि शेवटची वेळ आहे. आज जमलं नाही तर डावी सीट विसरायची. त्यात त्यांचं काही चुकत नाही. जिचा हात ऐकत नाही अशा बाईच्या मागे मी माझं मांजरसुद्धा बसवणार नाही.

हात का ऐकत नाही, ते मला पक्कं ठाऊक आहे. पिंटो सरांना सांगितलं नाही, कारण सांगताना रडू येईल. मला चिडायला येतं, रडायला येत नाही.

माझी आत्या, महानंदा. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. बार्शीत तिची पिठाची गिरणी होती. गिरणीचा घरघराट असा की शेजारी बॉम्ब पडला तरी ती म्हणेल, "काय म्हणालासा?" म्हणून ती दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायची. मी कुठंही उतरले की पहिला फोन तिला. "आत्या, उतरले." निघताना फोन करायचा नाही, ही तिची सक्त ताकीद. "निघाले म्हणून सांगू नगंस, जीव टांगणीला लागतो. उतरलीस की सांग." मग ती उजव्या कानातला बोळा काढायची, हातात धरायची आणि ओरडायची, "बोल, फोनचा कान मोकळा केलाय!"

उन्हाळ्याच्या तोंडाला सोलापूरच्या दवाखान्यात ती गेली. तिचा हात माझ्या उजव्या हातात होता. ती गेल्यावरही होता. सिस्टर म्हणाली, "मॅडम, सोडा आता, त्या गेल्यात," आणि माझी बोटं एकेक करून उघडली. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून माती देतात. मांडी घालून, कपाळाला भस्म लावून, डाव्या हातात लिंग ठेवून. आत्याला तशी बसवली आणि मी बघत राहिले. कानात बोळे तसेच होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. मला दिसलं होतं. मी कुणाला काढू दिले नसते.

तेव्हापासून हा हात जे धरतो ते सोडत नाही. आता झोपू द्या मला.

एसी घरघरतोय. घरघर जाड होत जातेय, तिला दळणाचा वास यायला लागलाय. गरम ज्वारीचा, किंचित करपट. मी डाव्या सीटवर बसलेय, पट्टा बांधलेला, समोर धावपट्टी. उजवी सीट रिकामी आहे आणि त्याचं मला काहीच वाटत नाही.

मागचं दार कुणीतरी थापडतंय.

"भागे! ए भागे!"

मला या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं. दार उघडतं. आत्या उभी आहे, हिरवं लुगडं, कपाळावर भस्माचे पट्टे, केसांवर पिठाचा धुरळा. डावी मूठ मिटलेली. उजवा हात कमरेवर, म्हणजे आता माझी काही खैर नाही.

"का गं, तुला काय लाजबिज? दोनदा परत आणलंस मला."

"कुठून?"

"कुठनं म्हणजे? जाते म्हणून बसते, तू पळवतेस, आता उडतंय असं वाटतं, की कचकन बिरेक! परत हितंच. बसून बसून मांड्या भरल्या माझ्या."

"आत्या, ते सिम्युलेटर होतं. खोटं असतं ते."

"तुझ्यासाठी असंल खोटं. मी बसले हुते की आत."

तिला मिठी मारावी म्हणून मी हात पुढे करतेय आणि ही बाई आल्या आल्या भांडतेय. जिवंत असताना तरी दुसरं काय करायची म्हणा.

मी मागे वळून बघते. विमानात माणूस नाही. प्रत्येक सीटवर दळणाचा डबा आहे, पितळी, स्टीलचा, तेलाचा चौकोनी, आणि प्रत्येकाला पट्टा बांधलाय. झाकणांवर खडूनं नावं लिहिलीत. खडू पुसट झालाय.

"बाकीची माणसं कुठं गेली?"

"कट्टाळून उतरली. मी राहिले. म्हटलं, आपलीच पोर हाय, बसावं अजून जरा."

"ये ना, इथं बस माझ्याजवळ."

माझ्या मागे एक घडीची सीट असते, ती मी उघडून देते. आत्या लुगडं सावरत त्यावर मांडी घालून बसते. पट्टा मी बांधते. तिचं पोट मऊ आहे, पूर्वीसारखंच.

"सोड की आता," ती म्हणते.

"काय?"

"पट्ट्याचं बक्कल. बांधून झालं की. धरून काय बसलीस?"

मी कसाबसा हात काढते. पुढे वळते. धावपट्टी पळायला लागलीय, मी काहीच केलेलं नसताना. उजवा हात दांड्यांवर जाऊन बसलाय. दोन्ही बाजूंना दिवे सुटलेत, मग ते दिवे नाहीत, गिरणीच्या गल्लीतल्या पायऱ्या आहेत, पायऱ्यांवर बायका डबे घेऊन उभ्या. एक विचारते, "माझं दळण कशावर टाकणार? गव्हावर टाका बरं का, ज्वारीवर नको." मी ओरडते, "बाजूला व्हा!" वेग चढतो. उजव्या रिकाम्या सीटकडून कुणीच काही बोलत नाही, म्हणून मीच म्हणते, व्ही-वन. हाताला सांगते, उचल. हात दांड्यांना असा चिकटलाय जसा ओल्या पिठाला चिकटावा.

तो दांडे मागे ओढतो.

लाल दिवे. मग दिवे संपतात आणि ज्वारी सुरू होते. तिची धाटं काचेवर सपासप आपटतात, कणसं आत येतात, विमान डुलत डुलत शेतात रुतून उभं राहतं. मागे सगळे डबे एकदम खणखणतात.

"झालं," आत्या म्हणते. "आणलंस परत."

आम्ही शेतात उतरतो. ज्वारी डोक्याच्या वर आहे. तिच्या मधोमध दवाखान्याची खाट आहे, पांढरी चादर ताणलेली, उशाला सलाईनचा दांडा. सिस्टर उभी आहे. ती माझ्याकडे बघून म्हणते, "मॅडम, सोडवू का?"

"हात लावायचा नाही!" मी तिच्या अंगावर जाते. "कुणी सांगितलं होतं तुला? थोडा वेळ थांबता येत नव्हतं? तिचा हात गरम होता अजून!"

सिस्टर ज्वारीत मागे मागे जाते आणि दिसेनाशी होते. आत्या खाटेच्या कडेला टेकते, मोकळ्या हातानं पाय चेपत.

"तिच्यावर का डाफरतीस? गरम व्हता, ते तुझा हात गरम व्हता म्हणून."

"तुला एवढी घाई झालीय का जायची?"

"घाई?" ती माझ्याकडे अशी बघते, जशी दळणात खडे निघाल्यावर गिऱ्हाइकाकडे बघायची. "भागे, मी मेलेय. घाई कसली त्यात? पर मेलेल्या माणसानं कुठंतरी पोचाय नको? हितं ना मी घरात, ना तिकडं. नुसती पट्टा बांधून बसलेय."

मला राग येतो. खरंच येतो, लपवून काय करू.

"आणि माझं काय? मी उतरते ना, अजून फोन काढते खिशातून. नंबर लावते. मग आठवतं. सगळी माणसं बॅगा घेऊन घरी जातात, प्रत्येकाचा फोन वाजत असतो, पोचलो, पोचलो, आणि मी तो हातात धरून उभी असते, येड्यासारखी. मला कुणी नाही गं आत्या. उतरले काय आणि नाही उतरले काय, विचारणारं कुणी नाही."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, असं का म्हणतीस, देव आहे, मित्र-मैत्रिणी आहेत. तसलं काही म्हणत नाही ती. ज्वारीचं एक कणीस ओढते, दाणे तळव्यावर काढते, फुंकर मारते.

"मला तरी तिकडं कोण हाय, काय म्हाईत," ती म्हणते. "तुझी आई आसंल, तर ती भांडणारच माझ्याशी, पोरीला इमानात का घातलंस म्हणून. आन् खरं सांगू? मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"उडायचं. कवा बसलेय मी? तू लाख म्हणायचीस, चल चल. मी म्हणायची, तू डाव्या बाजूला बसलीस की बसंन. आता बसलीस, तर माझी ही तऱ्हा." ती दाणे तोंडात टाकते. "पोटात गोळा येतो का गं?"

"येतो. थोडाच. लिफ्टसारखा."

"मी लिफ्टीत तरी कवा बसलेय?"

मला हसू येतं. हसता हसता नाक वाहायला लागतं. आत्या पदरानं माझं नाक पुसते, खसकन, मी पाच वर्षांची असल्यासारखं.

"तू सांगशील न्हवं, आता गोळा येणार म्हणून? आदी सांगितलं की मानूस धरून बसतं."

"सांगेन."

ज्वारी बाजूला होते. धावपट्टी पुन्हा समोर आहे, लांबलचक, स्वच्छ. तिच्यावर बारीक पीठ सांडलंय आणि त्यावर एकाही चाकाची खूण नाही. मी डाव्या सीटवर. आत्या मागे, मांडी घालून.

मी माईक उचलते. प्रवाशांसाठी बोलायचं असतं ना, ते माझं पाठ आहे, इंग्रजीत, हिंदीत. पण तोंडातून भलतंच येतं.

"नमस्कार. मी भाग्यश्री तोडकरी बोलतेय, बार्शीच्या महानंदा गिरणीवालीची भाची. आपण आता निघतोय. पहिल्यांदा पाठीला मागे ढकलल्यासारखं होईल, भ्यायचं नाही. मग नाक वर होईल, तेव्हा पोटात गोळा येईल. तो जातो. मग काही कळत नाही. वर गार असतं, पदर घेऊन बसायचं."

"बरं का," मागून आवाज येतो, एकदम आज्ञाधारक.

मी दांडे पुढे ढकलते. गिरणी सुरू होते, म्हणजे इंजिनं, म्हणजे गिरणीच. सगळं थडथडतंय. आत्या पिशवीतून आपले जुने कापसाचे बोळे काढते, कानात घालते, एक डाव्या, एक उजव्या. वेग वाढतो. पीठ दोन्ही बाजूंनी उडतंय, बाहेर काही दिसत नाही, फक्त मधली रेघ पळत येतेय, आली, गेली, आली, गेली.

व्ही-वन, मी म्हणते.

हात उचलत नाही.

"आत्या, सोडव!" मी ओरडते. "तू सोडव माझी बोटं!"

ती वाकून माझ्या हाताकडे बघते. मला वाटतं आता हात लावेल. नाही लावत. माझा चेहरा बघते. आणि मग काय करते, सांगू? पट्ट्याचं बक्कल चाचपते. पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेते. लुगडं सावरते. परत उतरायची तयारी करते.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणते. रागानं नाही. दळण उरलं असताना लाइट जायची तेव्हा म्हणायची तसं. "ऱ्हाऊ दे भागे, थांबव. नसंल होत तर थांबव. मी बसते आजून. मला काय, बसायचंच तर हाय."

तिला भीती वाटत होती, तरी ती चढली होती. मांड्या भरून आल्या होत्या, तरी ती माझ्यासाठी पुन्हा त्या डब्यांच्या रांगेत जाऊन बसायला निघाली होती. मी म्हटलं असतं तर जन्मभर बसली असती. तिचा नाही, माझा जन्मभर.

"नाही," मी म्हणते. "बस तू. पट्टा लाव."

आणि हात उचलते. सोपं नाही ते, सोपं होतं असं सांगणारी मी नव्हे. अंगठा निघतो, मग करंगळी, मधली बोटं सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक बोटाबरोबर मला वाटतं, गेली, गेली, आता गेली. मी मोठ्यानं रडतेय. हात हवेत आहे. रिकामा. त्याला कुठं जायचं ते कळत नाही.

मागून एक खरखरीत हात येतो. आत्या उजव्या कानातला बोळा काढते आणि माझ्या तळव्यावर ठेवते, बोटं मिटवते.

"धर. रिता हात बरा न्हाय दिसत."

नाक वर होतं. लाल दिवे खाली राहतात, ज्वारी खाली राहते, खाट, सिस्टर, गल्ली, गिरणीचं पत्र्याचं छप्पर, सगळं खाली.

"आला! आला गं गोळा!" आत्या ओरडते आणि खदाखदा हसायला लागते. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे मी लहान असताना ऐकलं असेल. "बया बया बया! हे आदी का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं!"

"भागे, बार्शी केवढीशी दिसतीय बघ!"

"आत्या, मागे टेकून बस."

मी चाकं आत घेते.

"आत्या?"

फक्त घरघर. गार वाटतंय. मी मागे वळून बघत नाही, दोन्ही हात लागतात या वेळी, समोर बघावं लागतं. "पदर घे," मी समोर बघत म्हणते. "गार असतं वर."

एसी. जाड पडदे, त्यांच्या मधल्या फटीतून गालिच्यावर पडलेली उन्हाची पट्टी. उशी ओली आहे. मी उताणी झोपलेय आणि उजवा हात पाठीखाली नाही. तो शेजारी चादरीवर पडलाय, सैल, तळवा वर, बोटं अर्धवट उघडी. किती दिवसांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

तळव्यात काहीतरी आहे.

कापसाचा बोळा. एकच. कानाच्या भोकाच्या आकाराचा, दाबून दाबून निबर झालेला, एका बाजूनं पांढरी भुकटी लागलेली. मी ती अंगठ्यानं आणि बोटानं चोळून बघते, आत्या गिरणीतून पडणारं पीठ चोळून बघायची तशी. भस्म की पीठ, सांगता येत नाही. हुंगते. ज्वारी.

फोन वाजतो. खाली गाडी आलीय, पिंटो सर बसलेत, वेळ झाली.

"येते," मी म्हणते आणि ठेवते.

मग तशीच बसून राहते थोडा वेळ. खोलीत कुणी नाही. रडू येतंय, येऊ देते. दुसरा बोळा तिच्याकडेच असणार, डाव्या कानात. हा उजवा. हा फोनचा कान.

"आत्या," मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं सांगते, दळण चालू असताना सांगावं लागायचं तसं, "निघाले असं म्हणत नाही. संध्याकाळी उतरले की सांगते."